मुंबईत जागेचा भाव कधी उतरत नाही म्हणे...

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा मुलगा घरी येऊन गेला. नोकरीला लागून त्याला चार वर्षे झाली, लग्नाची बोलणी चालू आहेत आणि ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर एखादी जागा घ्यावी असे त्याच्या मनात आहे. चहा घेता घेता म्हणाला, "आजोबा, एक गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका बिल्डरच्या ऑफिसात गेलो होतो तेव्हा मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता त्यांचाच माणूस आठवड्यातून तीनदा फोन करतो. गाडी पाठवू का म्हणतो. स्वयंपाकघर फुकट सजवून देतो, स्टॅम्प ड्यूटी आम्ही भरतो, पार्किंग देतो, सगळं देतो. भाव मात्र एका रुपयानं कमी करत नाही! ह्याचा अर्थ काय घ्यायचा? भाव उतरायला लागलेत का? तुम्ही इतिहास शिकवायचात, तुम्हीच सांगा."

शेवटचे वाक्य ऐकले आणि मी कप खाली ठेवला. हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, मला तीस वर्षांपूर्वी विचारला गेला होता. विचारणारे होते ह्या मुलाचे आजोबा, म्हणजे माझे भावोजी. मी त्यांना लगेच उत्तर दिले होते. ते चुकीचे होते.

ती हकीकत आधी सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

भावोजी परळच्या एका गिरणीत कारकून होते. १९८२ चा संप झाला, गिरणी कशीबशी पुन्हा सुरू झाली, पण तिच्यात जीव राहिला नव्हता. १९९५ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतले. लालबागची चाळीतली खोली पागडीने दिली, तिचे पैसे आले. सगळे मिळून सात-साडेसात लाख रुपये. आयुष्यात एवढी रक्कम त्यांनी एका वेळी कधी पाहिली नव्हती. त्यांचा विचार साधा होता. विरारला एक छोटी जागा राहायला घ्यायची आणि उरलेले पैसे पोस्टात ठेवायचे. किसान विकास पत्रात तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत असत. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तिच्या लग्नाची सोय झाली असती.

पण ते दिवसच वेगळे होते. लोकलच्या डब्यात, पानाच्या गादीवर, शिक्षकांच्या खोलीत, जिथे जावे तिथे जागांचे भाव. अमक्याने बोरिवलीला घेतली, वर्षात दीडपट झाली. तमक्याने मीरा रोडला नुसती बुकिंगची पावती विकली आणि पन्नास हजार सुटले. भावोजी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, एकाऐवजी दोन जागा घ्या असं सगळे सांगताहेत. एक राहायला, एक पोरीच्या लग्नाच्या वेळी विकायला. तुम्ही इतिहास शिकवता, तुम्ही सांगा. भाव उतरणार तर नाहीत ना?"

मी म्हणालो, "भावोजी, मुंबईत जागेचा भाव आजवर कधी उतरलेला नाही. समुद्रानं वेढलेलं गाव, जमीन काय नवी तयार होणार आहे?"

त्यांनी दोन जागा घेतल्या.

आता पाहा, हे वाक्य बोलणारा माणूस तेव्हा पंधरा-वीस वर्षे इतिहास शिकवत होता. अमेरिकेतले यादवी युद्ध, त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला आलेले दिवस, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे. आणि "जमीन नवी तयार होत नाही" हे मी मुंबईबद्दल बोललो! सात बेटांमधला समुद्र बुजवून बुजवूनच जे शहर तयार झाले, त्या शहराबद्दल! पाठ्यपुस्तकातला इतिहास परीक्षेपुरता आणि व्यवहारातले शहाणपण पानाच्या गादीवरचे, अशी आपली वाटणी असते. माझीही तशीच होती.

तर आता तो इतिहास. मुंबईत जागांचा बाजार तापला आणि थंडावला असे एकदा नव्हे, निदान तीनदा तरी झालेले आहे.

पहिली खेप १८६० च्या दशकातली. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तो मुंबईहून जाऊ लागला. चार वर्षे ह्या शहरावर पैशाचा पाऊस पडला. एवढ्या पैशाचे करायचे काय? बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, आणि मुख्य म्हणजे समुद्र बुजवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले होते, शहर मोकळे होत होते. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले ते १८६३ साली, म्हणजे ऐन ह्या भरात. त्यांनी पाहिलेली मुंबई ही चढत्या भावाची मुंबई होती. १८६५ सालीच ते वारले. पुढची पडझड लिहायला ते राहिले नाहीत.

ह्या कंपन्यांमध्ये सर्वांत गाजलेली बॅकबेची. तिच्या ज्या शेअरपोटी पाच हजार रुपये भरलेले होते तो बाजारात पन्नास हजारांच्या आसपास विकला जाऊ लागला. आणि तो कशाबद्दल? तर जी जमीन अजून पाण्याखाली होती तिच्याबद्दल! ह्या सगळ्या व्यवहारांचा सूत्रधार म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांचा शब्द म्हणजे बाजार. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला वाचनालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. तोच आजचा राजाबाई टॉवर.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. बातमी आली तशी कापूस गडगडला, आणि कापसाच्या जिवावर जे उभे होते ते सगळेच हलले. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्याकडे पैसे मागत होता आणि कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता तो ८७ रुपयांवर आला. प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. १८६८ साली ती बँकही गुंडाळली गेली. बॅकबेचा मोठा बेत बारगळला आणि जी पट्टी बुजवून झाली होती तिच्यावर पुढे रेल्वेचे रूळ आले. चर्चगेटच्या बाजूने लोकलने जाणारा माणूस त्या फसलेल्या स्वप्नावरूनच रोज जात असतो.

पण मला ह्या हकिकतीतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती शेअरची नाही, माणसांची आहे. १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी! तेजीच्या वर्षांत कामाला आलेले मजूर, दलाल, कारागीर, हमाल आपापल्या गावी परत गेले. त्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. "मुंबईत माणसांचा लोंढा कधी थांबत नाही" असे आपण म्हणतो, पण त्या आठ वर्षांत तो थांबलाच नाही तर मागे फिरला.

दुसरी खेप पहिल्या महायुद्धानंतरची. युद्धात गिरण्यांनी भरपूर कमावले, माणसे येत राहिली, घरे बांधली गेली नव्हती. भाडी इतकी चढली की १९१८ साली सरकारला भाडे नियंत्रणाचा कायदा करावा लागला. मग गव्हर्नर जॉर्ज लॉईड ह्यांनी १९२० साली विकास खाते उभे केले. पन्नास हजार खोल्या बांधायच्या आणि बॅकबेचा जुना बेत पुन्हा उकरून ११४५ एकर समुद्र बुजवायचा, असा संकल्प सुटला. खोल्यांसाठी पैसा यावा म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला.

आणि नेमकी इमारती उभ्या राहीपर्यंत तेजी ओसरली. गिरण्यांना मंदीने गाठले. पन्नास हजारांऐवजी सुमारे सोळा हजार खोल्यांवर काम थांबले. ह्याच त्या बीडीडी चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, एकूण २०७. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, बाजार जवळ नाही, भाडे कामगाराला न परवडणारे. कितीतरी खोल्यांना भाडेकरूच मिळेनात. सरकारला भाडी उतरवावी लागली. १९३० साली सत्याग्रहींनी तुरुंग भरले तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. विचार करा, ज्या शहरात माणसाला राहायला जागा नाही म्हणून चाळी बांधायला घेतल्या, त्याच शहरात त्या चाळी भरायला कैदी आणावे लागले! (त्याच वरळीच्या चाळी पाडून आता उंच इमारती होत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. काळाचा महिमा!)

बॅकबेची गतही तीच. ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. खर्च वाढत गेला, गैरकारभाराची ओरड झाली आणि वीर नरिमन ह्यांनी हे प्रकरण धसास लावले. अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पण नरिमन सुटले. लोक ह्या योजनेला 'लॉईडचा मूर्खपणा' म्हणत. पुढे त्याच भागात जी आणखी जमीन तयार झाली तिला नाव मिळाले नरिमन पॉइंट.

माझे वडील रत्नागिरीहून मुंबईला आले ते १९३८ साली. ते सांगत की दादर-माटुंग्याच्या नव्या इमारतींवर तेव्हा 'टू लेट' च्या पाट्या लटकलेल्या असत. बिऱ्हाड पाहायला आलेल्या माणसाला मालक स्वतः जिना चढून खोली दाखवी. रंग काढून देतो, पहिल्या महिन्याचे भाडे नको, आणखी काय हवे ते बोला, असे म्हणे. आम्ही मुले हसत असू. आम्हाला ती वडिलांची थाप वाटे. कारण आम्हाला कळू लागले त्या मुंबईत पागडी दिल्याशिवाय कोणी दारसुद्धा उघडत नव्हते.

ह्या बदलाचे कारण मोठे होते. दुसरे महायुद्ध आले, त्यापाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. भाडी गोठवणारा कायदा १९४७ साली पक्का झाला आणि त्यातली प्रमाण भाडी १९४० च्या सुमाराची धरली गेली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा धंदा झाला. पाट्या गेल्या, पागडी आली. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला आणि मोकळी जमीन बाजारात येणे आणखी अवघड झाले. १९४० ते १९९५ ह्या पंचावन्न वर्षांत मुंबईकराने टंचाईच पाहिली.

"मुंबईत जागेचा भाव कधी उतरत नाही" हे वाक्य ह्या पंचावन्न वर्षांच्या पोटातून आले आहे. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही होते. त्याने कधी उतरलेला पाहिलाच नव्हता. पण माणसाचे 'कधी' म्हणजे त्याच्या नोकरीची वर्षे, फार तर वडिलांची जोडून. माझ्या वडिलांनी तर मला 'टू लेट' च्या पाट्या सांगितल्याही होत्या. मी त्या थापांत जमा केल्या.

तिसरी खेप माझ्या डोळ्यांसमोरची. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी कंपन्या आल्या, त्यांना कचेऱ्या हव्या होत्या. १९९५ च्या सुमाराला नरिमन पॉइंटवरच्या कचेऱ्यांची गणना जगातल्या सर्वांत महाग कचेऱ्यांमध्ये होऊ लागली. शेअर बाजारातला पैसा जागांत आला. मग पतपुरवठा आवळला गेला, घरकर्जाचे व्याज सोळा-सतरा टक्के, आणि एवढ्या भावात खरोखर राहायला घर घेणारा माणूसच उरला नाही. १९९६ पासून बाजार जो बसला तो २००२-०३ पर्यंत उठला नाही. काही भागांत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे व्याज आठ टक्क्यांच्या आसपास उतरले, घरकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकराची सवलत २००१ साली दीड लाखांवर गेली, तेव्हा कुठे पुन्हा गाडी चालू झाली.

पण हे सगळे मी आज सांगतो आहे. १९९६ साली "भाव उतरले" असे मला कोणीही सांगितले नाही. कारण ते उतरलेले दिसतच नव्हते. इथेच मुख्य मुद्दा आहे.

१८६५ साली जमीन शेअरच्या रूपाने विकली जात होती, म्हणून पडझड एका उन्हाळ्यात सर्वांना दिसली. १९२५-३० साली घरे भाड्याची होती, म्हणून रिकामी खोली आणि दारावरची पाटी दिसे. आमच्या काळात घर मालकीचे झाले, आणि मालकीच्या घराचा भाव म्हणजे मालकाच्या तोंडचा आकडा. तो आकडा मालक सहसा कमी करत नाही. कांदा सडतो म्हणून व्यापारी संध्याकाळी भाव पाडतो. घर सडत नाही. "आज नाही तर सहा महिन्यांनी जाईल," असे म्हणून माणूस थांबतो. बिल्डर तर भाव पाडायला भितोच, कारण आधी चढ्या भावाने घेतलेले लोक दुसऱ्याच दिवशी दारात येतील.

म्हणून बाजार थंडावतो तेव्हा आधी भाव उतरत नाहीत, आधी व्यवहार थांबतात. भाव सर्वांत शेवटी बोलतो. त्याच्या आधी बाकीच्या गोष्टी बोलू लागतात. दलाल स्वतः फोन करू लागतो. भाव तोच राहतो पण त्याच्याबरोबर फुकट मिळणाऱ्या वस्तूंची यादी लांबत जाते. "आज वीस टक्के भरा, बाकीचे ताबा घेताना" अशा योजना निघतात. (अशा योजनांत बांधकाम होण्याआधीच बँकेचे कर्ज बिल्डरच्या हातात पडत असे, म्हणून २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच पैसे द्या असे बँकांना बजावले.) रस्त्यावरचे मोठे फलक तेच राहतात, त्यांचे रंग उडतात. घराचे भाडे आणि घराची किंमत ह्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. आणि संध्याकाळी नव्या इमारतींच्या खिडक्या काळोख्या दिसतात.

कधी कधी तर आकडा अजिबात उतरत नाही, तरी घर स्वस्त होते. २०१३ नंतरची सहा-सात वर्षे आठवा. आधी बाजार सुस्तावला, मग नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून रेराचा कायदा, मग वित्तसंस्थांची अडचण. मुंबई-ठाण्यात कितीतरी ठिकाणी भाव जिथल्या तिथे राहिले. लोक म्हणाले, पाहा, उतरले का? अहो, पण तेवढ्या वर्षांत डाळ-तांदूळ, शाळेची फी, पगार सगळे वाढले. जागचा न हललेला भाव म्हणजे उतरलेलाच भाव. तो मुकाट्याने उतरतो, एवढेच. पुढे करोनाच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, सरकारने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणले आणि लोकांची रांग लागली. घर घ्यायची इच्छा होतीच, ऐपत नव्हती.

आता भावोजींकडे परत येतो.

विरारची इमारत चार मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची. १९९६ च्या पावसाळ्यानंतर ते राहायला गेले. दिवाळीत आम्ही गेलो होतो. पाणी टँकरचे, स्टेशनपासून वीस मिनिटे चिखलातून चालत. रात्री जेवून आम्ही खाली फेरी मारायला उतरलो तेव्हा भावोजी इमारतीकडे पाहत म्हणाले, "मास्तर, मोजा बरं." मी मोजले. चोवीस घरांपैकी सात खिडक्यांत दिवा होता. आकाशकंदील पाच. बाकीची घरे विकली गेलेली होती, पण त्यांत कोणी राहत नव्हते. सगळ्यांनी विकण्यासाठीच घेतली होती. भावोजींच्या दुसऱ्या जागेची खिडकी त्या काळोख्या खिडक्यांत होती.

मी म्हणालो, "भरेल हळूहळू." ते काही बोलले नाहीत.

१९९८ साली भाचीचे लग्न ठरले. तीन लाख चाळीस हजारांना घेतलेली ती जागा विकायला काढली. आठ महिने गिऱ्हाईक नाही. दलाल आधी चार लाख म्हणाला, मग साडेतीन, मग फोन घेईनासा झाला. लग्न तोंडावर आले तेव्हा दोन लाख दहा हजारांना दिली. पोस्टात ठेवले असते तर तोवर पाच लाखांच्या आसपास झाले असते. कमी पडलेले पैसे मी माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिले. ताई नको म्हणत होती, मी ऐकले नाही. पुढे भावोजींनी ते पै न् पै फेडले. त्यासाठी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी वसईच्या एका गोदामात हिशेब लिहायची नोकरी धरली.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. कधीच नाही. फक्त त्या वाक्याने सुरुवात करणे त्यांनी सोडून दिले. आधी आमच्याकडे आले की निवडणूक असो, क्रिकेट असो, "मास्तर, तुम्ही सांगा" असे म्हणून बसायचे. त्या लग्नानंतर ते मला काही विचारीनासे झाले. २०११ साली ते गेले. माझे त्यांच्याशी ह्या विषयावर बोलणे झालेच नाही. करीन करीन म्हणता राहून गेले.

कोणी म्हणेल, धीर धरला असता तर दहा वर्षांनी त्या जागेचे चौपट आले असते. खरे आहे. १८६५ च्या दिवाळ्यानंतरही मुंबई उभी राहिली, बॅकबेवर मरीन ड्राइव्ह झाला, विरारही आज ओळखू येत नाही. शहराला वेळ असतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला नसतो. "जागेचा भाव शेवटी वाढतोच" हे वाक्य शहराच्या बाबतीत खरे असेल, पण घर घेणारा माणूस आपल्या आयुष्यापुरता असतो. आणि बाजार थंडावतो तेव्हा नेमका कोण सापडतो? जो सर्वांत शेवटी आला तो. तेजीची बातमी गिरणीच्या कारकुनापर्यंत पोहोचली, शाळामास्तर त्याला सल्ला देऊ लागला, ह्यातच खरे तर ती संपत आल्याची खूण होती. मला ती वाचता आली नाही.

हे सगळे मी त्या दिवशी भाचीच्या मुलाला सांगितले. त्याला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. लग्नात पैसे कमी पडले होते एवढेच आईने केव्हातरी सांगितले होते, कशामुळे ते नाही. ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे घेऊ नको म्हणता?"

मी म्हणालो, "घे किंवा घेऊ नको असं मी कोणाला सांगत नाही. ते एकदा सांगितलं, तेवढं पुरे. तू एक कर. ह्या बिल्डरची त्याच रस्त्यावर जी इमारत दोन-तीन वर्षांपूर्वी पुरी झाली असेल, तिच्यासमोर कामाच्या दिवशी रात्री साडेआठ-नऊला जाऊन उभा राहा आणि दिवे मोज. तिथल्या एखाद्या भाडेकरूला भाडं विचार. आणि स्वतःला विचार, की समजा उद्या ह्या घराचा भाव तीस टक्क्यांनी उतरला आणि दहा वर्षं तसाच राहिला, तरी मी इथे आनंदानं राहीन का? हप्ता भरू शकेन का? हो असेल तर भाव चढो की उतरो, तुला काय त्याचं?"

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. तो खरोखरच गेला होता, तेही होणाऱ्या बायकोला घेऊन. निम्म्याहून कमी खिडक्यांत दिवे होते. सध्या त्याच इमारतीत दोघे वर्षभर भाड्याने राहणार आहेत. रस्ता, पाणी, शेजार पाहू आणि मग ठरवू, असे म्हणाला. भाडे बँकेच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे म्हणे. हे शहाणपणाचे ठरेल की वर्षभराने भाव चढून तो हळहळेल, ते पुढचे पुढे.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आजोबा, मागच्या खेपेला दिवे किती होते म्हणालात?"

"चोवीसपैकी सात," मी म्हणालो.

असो.